जमिनीवरून बोलणारं एकच माणूस

मे महिना लागला की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत बसायला खुर्ची मिळत नाही. एरवी खिडकीजवळची गुबगुबीत खुर्ची माझी असते, मासिकं चाळायला आणि खरं सांगायचं तर डुलक्या काढायला. मेमध्ये तिथे कुणीतरी पोर पाय वर घेऊन बसलेलं असतं. कानात काहीतरी खुपसलेलं, मांडीवर लॅपटॉप, शेजारी गार झालेली कॉफी, डोळे तारवटलेले. मी त्यांच्यावर रागावत नाही. उलट त्यांच्यासमोरून चपला न वाजवता जाते. परीक्षेला बसलेल्या माणसाचा मला अजून धसका आहे, आणि तो माझ्या परीक्षांमुळे नाही. माझ्या परीक्षा मी मजेत दिल्या आणि मजेत विसरले.

लायब्ररीतून बाहेर पडलं की दाराशी लायलॅकचं झुडूप आहे. वर्षातले पंधरा दिवस फुलतं आणि त्या पंधरा दिवसांत मी दुसऱ्या दाराने बाहेर पडते. अविनाश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की अग, फुलांचा कसला राग. राग नाही. स्टेट कॉलेजला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली असंच एक झुडूप होतं, आणि चौऱ्याऐंशी सालच्या वसंतात ते मनापासून फुललं होतं. त्या अकरा दिवसांत मी खिडकी बंद ठेवली तरी वास आत यायचा.

स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत लपलेलं गाव. युनिव्हर्सिटी काढून घेतली तर मागे गाई आणि मका उरेल. एप्रिल संपता संपताही एखाद्या सकाळी बर्फ पडायचं आणि दुपारी पिवळी गवतफुलं त्यातून मान वर काढायची. लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी बैठ्या विटांच्या इमारती होत्या, त्यातल्या एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आम्ही राहायचो. अविनाश पीएचडी करत होता. व्हिसामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्यात शाळेत चाळीस मुलांना गप्प बसवणारी मी तिथे दिवसभर भिंतीशी बोलत बसले असते, पण मी एक उद्योग शोधून काढला. गावातल्या मराठी पोरांना जेवायला घालायचं. कोथिंबीर मिळायची नाही, हिंगाची डबी कुणी देशातून आलं तर यायची, पण संध्याकाळी आमच्याकडे पाच-सहा ताटं ठरलेली. मी जगाची वहिनी झाले. ते मला फार आवडायचं, हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात या आवडीचा हात आहे.

मिलिंद त्या पोरांपैकी. नागपूरचा. वडील लहानपणीच गेले, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, मोठा भाऊ पोस्टात. घर बौद्ध. अंगाने किडकिडीत, बोलायला मोकळा, आणि जेवायला बसला की ताटातलं संपवायच्या आधी विषय संपवायचा नाही. त्याचा विषय एकच, अंतराळयानांचं उष्णतेपासून रक्षण करणारं कवच. यान परत येताना हवेत शिरतं तेव्हा खालून आगीचा लोळ उठतो. जुन्या यानांच्या बुडाला एक जाड थर असायचा, तो स्वतः जळत जळत झडून जायचा आणि उष्णता बरोबर घेऊन जायचा. आतला माणूस शाबूत. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी लाटणं थांबवून काही बोलणार, एवढ्यात तो म्हणाला, "वहिनी, आईसारखं आहे असं म्हणू नका हां. सगळे तेच म्हणतात." मी खरंच तेच म्हणणार होते.

त्याची खरी भक्ती होती ती सुरुवातीच्या अंतराळवीरांवर. शटलमधून सात-सात जण जायला लागले होते, त्याचं त्याला कौतुक होतं, पण ते शेजाऱ्याच्या मुलाचं असावं तसं. त्याची माणसं म्हणजे साठच्या दशकातली, एकट्याने बसायच्या टोपणासारख्या यानात स्वतःला आवळून घेऊन वर गेलेली. तो तेव्हा शाळेत होता. आई वर्तमानपत्रातले त्यांचे फोटो कापायची आणि कणकेच्या खळीने खाटेमागच्या भिंतीवर चिकटवायची. पावसाळ्यात खळीला किडे लागायचे आणि अंतराळवीरांची नाकं खाऊन टाकायचे. मग आई नवे फोटो शोधायची. हे सांगताना तो इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा.

एकदा त्याने सांगितलं की चंद्रावरून आलेल्या पहिल्या लोकांना तीन आठवडे सगळ्यांपासून वेगळं ठेवलं होतं, न जाणो तिकडचा काही रोग आणला असेल. बायका काचेतून बोलायच्या. मी पटकन म्हणून गेले, म्हणजे सोयरसुतकच की रे, शिवायचं नाही. मिलिंदने भाताचा घास घेतला, गिळला, आणि हसतच म्हणाला, "आम्हाला शिवायचं नाही म्हणायला आम्हाला चंद्रावर जावं लागलं नव्हतं, वहिनी." सगळे हसले. मीही हसले. नंतर भांडी घासताना माझे कान गरम झाले होते. तीन वर्षं तो माझ्या हातचं जेवत होता आणि त्याच्या घरात सणाला काय करतात, माणूस गेलं तर काय करतात, मी कधी विचारलं नव्हतं. मी मोकळ्या मनाची आहे एवढं स्वतःला माहीत असलं की पुरे, असा माझा समज होता.

त्याच हिवाळ्यात ती चर्चा झाली. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सगळ्यांचे मोजे हीटरवर वाळत घातलेले. मिलिंद एका जुन्या उड्डाणाची गोष्ट सांगत होता. एक अंतराळवीर एकटाच पृथ्वीभोवती फिरत होता आणि खाली जमिनीवरच्या माणसांना एक दिवा दिसला, की त्याच्या यानाचं कवच सैल झालं असावं. तसं असेल तर परत येताना तो जळून जाणार. वर बसलेल्याला हे माहीत नाही. खालच्या लोकांनी ठरवलं की त्याला इतक्यात सांगायचं नाही. नुसतं आडून आडून विचारायचं. एक बटण बंद आहे ना बघ. काही आपटल्याचा आवाज येतोय का. जगभर ठिकठिकाणी त्याच्याशी बोलणारी ठाणी होती. एकाच्या टापूतून तो बाहेर पडला की दुसरं ठाणं तेच विचारायचं. शेवटी त्याच्या लक्षात आलंच, की हे सगळे एकच प्रश्न का विचारतायत.

"मग? जळला का?" सतीशने विचारलं. सतीश मिलिंदचा रूममेट, सोलापूरचा, त्याला कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी लागायचा. नाही जळला. कवच घट्टच होतं, दिवाच खोटा लागला होता. पण मिलिंदचं म्हणणं होतं की न सांगणाऱ्यांचं चुकलं. यान त्याचं, जीव त्याचा, मग बातमीही त्याची. अविनाश म्हणाला, अरे पण सांगून तो वर बसल्या बसल्या काय करणार होता, हात थरथरले असते एवढंच. दोघांचं बरंच जुंपलं. मी अविनाशच्या बाजूने होते. मला वाटलं, ज्याला काही करता येण्यासारखं नाही त्याला कशाला घाबरवायचं. मिलिंदने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आवडली. खाली खोलीभर माणसं असली तरी वरच्या माणसाशी त्यांच्यातलं एकच बोलायचं. बाकीच्यांनी जे सांगायचं ते त्याला सांगायचं. आवाज ओळखीचा हवा, आणि शांत हवा.

मिलिंदची त्या वसंतात कॅन्डिडसीची, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवायला लागणारी, तोंडी परीक्षा होती. पाच प्राध्यापक, एक फळा, तीन तास. आदल्या शरद ऋतूत तो त्यात नापास झाला होता. दुसऱ्यांदा झाला तर पीएचडी बंद, सामान बांधून परत. नापास झाल्याचं त्याने फक्त दादांना कळवलं होतं, आईला नाही. आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलं होतं, की नागपूरशी कुणाचा काही संबंध आला तर परीक्षा पुढे गेलीय एवढंच सांगायचं. आईला उगाच घोर नको. आम्हीही हसत हसत कबूल झालो. आपल्यात हे असंच चालतं, जवळच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. आजारी माणसाला त्याचा आजार सांगत नाहीत, बाळंतिणीला माहेरचं काही कळू देत नाहीत, आणि परीक्षेला बसलेल्या पोराला तर देव गेला तरी सांगायचं नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी पोहे भिजवत होते. मिलिंद आणि सतीशच्या खोलीवर फोन नव्हता, म्हणून नागपूरला त्याने आमचा नंबर दिलेला होता. पलीकडे त्याचे दादा. तार ऑफिसातून कॉल बुक करून बोलत होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा. आधी त्यांनी विचारलं, मिलिंद जवळ आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, पहाटे आई गेली. छातीत दुखायला लागलं, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. थोड्या वेळापूर्वी सगळं उरकून आलो. मी काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, परीक्षा कधी आहे. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी.

"मग तोपर्यंत सांगू नका, वहिनी," ते म्हणाले. "आता येऊन त्याला काही मिळणार नाही. दुखायला लागलं तेव्हासुद्धा आई हेच म्हणाली, मिलिंदला कळवू नका, त्याचा पेपर आहे." पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ते शेजारच्या डॉक्टरांकडे फोनपाशी बसून राहणार होते. परीक्षा झाली की मी मिलिंदला सांगायचं आणि मग त्याने फोन करायचा. नंबर मी पोह्याच्या पुडक्यावर लिहून घेतला. हात ओला होता, आकडे पसरले.

अविनाश आणि मी बसून ठरवलं. खरं म्हणजे ठरवायला काही नव्हतं, आम्ही हिवाळ्यातच ठरवलेलं होतं. सतीशला विश्वासात घेणं भाग होतं, कारण धोका पत्रांचा होता. नागपूरहून कुणा नातेवाइकाचं सांत्वनाचं पत्र आठ-दहा दिवसांत येऊन धडकलं असतं. त्यांच्या इमारतीच्या दाराशी पत्र्याच्या पेट्यांची रांग होती, टपाल अकराच्या सुमाराला यायचं. सतीशने रोज आधी जाऊन पेटी उघडायची आणि नागपूरचं काही असेल तर माझ्याकडे आणून द्यायचं. मिलिंदशी नेहमीसारखं बोलायचं काम माझं. मी ते लगेच अंगावर घेतलं. त्या दिवसांत मला रडू येत होतं हे खरं, मी त्या माउलीला कधी पाहिलं नव्हतं तरी येत होतं. पण रडण्याच्या खाली कुठेतरी मी स्वतःला फार महत्त्वाची वाटत होते. हेही खरं, आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

नेहमीसारखं वागणं किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. मंगळवारी संध्याकाळी मिलिंद आला, बूट दारात काढले, म्हणाला काय मस्त वास सुटलाय. मी त्याच्याकडे पाठ करून कणीक मळत राहिले. बुधवारी मी त्याच्यासाठी सांबारवडी केली, नागपूरची, तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, त्याच्या आईची म्हणून तो जिचं वर्णन करायचा ती. कोथिंबीर नव्हती म्हणून तिच्यासारखी दिसणारी पार्सली घातली. त्याने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, हा गुन्हा आहे यार," तो म्हणाला आणि चारही संपवल्या. गुरुवारी मी त्याला विचारलं, नागपूरहून काही पत्रबित्र आलं का. मला फक्त खात्री करायची होती. त्याच संध्याकाळी अविनाशने त्याला लायब्ररीत गाठून तेच विचारलं. सतीश तर रोज विचारत होता. मिलिंद प्रत्येकाला एकच सांगायचा, नाही अजून, पण येईल. शाळेपासून त्याच्या प्रत्येक परीक्षेच्या आधी आईचं पत्र यायचंच. तो घरी राहत होता तेव्हासुद्धा ती पत्र लिहून पोस्टात टाकायची, आणि दादा ते आणून त्याच्या हातात द्यायचे.

शनिवारी पत्र आलं. सतीशने शर्टाच्या आत लपवून आणलं आणि टेबलावर ठेवून मागे सरकला. निळं एरोग्रॅम, घडी घालून कडा चिकटवलेलं परदेशी टपालाचं पत्र. मिलिंदने दाखवलेल्या पत्रांमुळे अक्षर मला ओळखीचं होतं, शिक्षिकेचं, ठसठशीत. नागपूरच्या शिक्क्यावरची तारीख ती जायच्या आधीची.

अविनाश म्हणाला, दे त्याला. हे तिचं आहे, तिने जिवंतपणी लिहिलंय, यात बातमी कशी असेल. सतीशही तेच म्हणाला. मीच नको म्हटलं. तिने तब्येतीचं काही लिहिलं असलं तर? तो म्हणेल, वहिनी, मला घरी फोन करायचाय. मग काय करायचं? सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी इतक्या ठामपणे बोलले की दोघांनी माझं ऐकलं. पत्र मी चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. त्याच्याशी बोलणारी मी एकटी, त्यामुळे ठरवणारीही मीच, असं माझ्या डोक्यात कधी शिरलं मला कळलं नाही.

रविवारी तो जेवायला आला नाही. सोमवारी आला तो पांढराशुभ्र शर्ट घालून. मंगळवारीही तोच, धुऊन घातलेला. मी चिडवलं, काय रे, परीक्षेचा लकी शर्ट का. तो म्हणाला, तसंच समजा. सोमवारीच जाताना त्याने विचारलं होतं, वहिनी, मेणबत्ती आहे का एखादी. वादळात वीज जायची म्हणून मी घरात मेणबत्त्या ठेवायचे, त्यातल्या दोन दिल्या आणि वर म्हटलं, अरे, हे काय नागपूर आहे का लोडशेडिंग असायला. तो हसला. दोन्ही मेणबत्त्या त्याने रुमालात गुंडाळून नेल्या.

बुधवारी मी बँकेच्या कोपऱ्यावर बसची वाट बघत होते. गावात एक बस गोल फिरायची, युनिव्हर्सिटीला वळसा घालून परत तिथेच. समोरून ती गेली आणि खिडकीत मला मिलिंद दिसला. मी हात केला. त्याने पाहिलं नाही. मला उलट्या बाजूला जायचं होतं म्हणून मी थांबून राहिले, आणि अर्ध्या तासाने तीच बस परत आली तेव्हा मिलिंद त्याच खिडकीत होता. मला वाटलं, उत्तरं पाठ करतोय. किती साधं स्पष्टीकरण, आणि मी किती आनंदाने ते मान्य केलं.

मागच्या वर्षी आम्ही दोघं आगगाडीने शिकागोला गेलो होतो. तिथल्या म्युझियममध्ये त्या एकट्याने बसायच्या यानांपैकी एक ठेवलंय. केवढंसं ते. आमचं कपड्यांचं कपाट त्याहून मोठं आहे. आत एक खुर्ची आणि तोंडाला लागतील अशी बटणं. मी वाकून त्याचं बूड पाहिलं, काळं, खरवडल्यासारखं झालेलं. अविनाश पाटी वाचत होता, मी मात्र त्या खुर्चीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्या गोष्टीत स्वतःला खालच्या खोलीत बसवून विचार केला होता. वरच्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या, हे मला तिथे उमगलं. एक जळण्याची भीती, आणि दुसरं म्हणजे आपल्याला समजलंय हे खालच्या लोकांना कळू न देता शांत आवाजात उत्तरं देणं. मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. अविनाशला वाटलं गुडघे दुखतायत.

मिलिंद तिकडे पूर्वेला पार्सिपनीला असतो आता, रिटायर झाला. दिवाळीला फोन करतो, मुलांच्या बातम्या सांगतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. अजून वहिनीच म्हणतो. त्या शुक्रवारबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही नाही.

त्या शुक्रवारी परीक्षा आठला सुरू झाली. मी पहाटेपासून उठून बसले होते. बोलायचं कसं ते मनात शंभरदा घोकलं होतं. साडेअकराला दार वाजलं. पांढरा शर्ट, बाहीला खडूची भुकटी. "झालो पास," तो म्हणाला. अविनाशने त्याला मिठी मारली आणि सोडलीच नाही. मी मिलिंदला बसवलं. त्याच्यासमोर बसले आणि घोकलेलं सगळं विसरून सरळ सांगितलं, की मिलिंद, आई गेली रे. गेल्या आठवड्यात मंगळवारी. दादांचा फोन आला होता, त्यांनी आणि आम्ही मिळून ठरवलं की परीक्षा होऊ दे.

तो खडूची बाही झटकत राहिला. मग म्हणाला, "मला रविवारीच कळलं, वहिनी."

कसं, असं मी विचारलं की नाही आठवत नाही, पण त्याने सांगितलं. तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारत होतात. सतीश, अविनाश, तुम्ही. पत्र आलं का, पत्र आलं का. आणि आईचं पत्र काही आलं नाही. ती लिहायची राहणारच नाही. रविवारी खोलीत बसून त्याने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मग शंका उरली नाही. सोमवारी बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. पांढरे कपडे घातले. एवढंच करता आलं, तो म्हणाला. रडण्यासाठी म्हणून तो बसमध्ये जाऊन बसायचा, कारण खोलीत सतीश असायचा आणि सतीशला वाटलं असतं आपल्याकडून फुटलं.

अविनाशने विचारलं, अरे, मग आम्हाला विचारलं का नाहीस.

"विचारलं असतं आणि तुम्ही खरं सांगितलं असतं तर मला त्या फळ्यासमोर उभं राहता आलं नसतं," तो म्हणाला. "आणि खोटं सांगितलं असतं तर मला परत इथे जेवता आलं नसतं."

हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की मी हमसून रडायला लागले. अगदी मोकळी होऊन, कारण मला वाटलं त्याने आम्हाला माफ केलं. त्याच भरात मी उठले, चमच्यांचा ड्रॉवर ओढला, कागद उचलला आणि पत्र त्याच्या हातात दिलं. मला खरंच वाटत होतं की मी त्याला काहीतरी देतेय.

त्याने अक्षर पाहिलं. मग शिक्का पाहिला. पत्र फाडून उघडायला त्याला बराच वेळ लागला, कारण एरोग्रॅमच्या कडा जपून सोडवाव्या लागतात. वाचून झाल्यावर त्याने ते टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. लहानसं पत्र होतं. दारातल्या संत्र्याच्या कलमाला पालवी फुटली होती, शाळेत नवे हेडमास्तर आले होते. आणि शेवटी चार ओळी. मागच्या वेळी तू नापास झालास ते मला दादाकडून कळलं होतं. लपवलंस म्हणून मी रागावले नाही, पण इतके महिने एकटा घाबरत राहिलास याचं वाईट वाटलं. या वेळी भिऊ नकोस. नाही झालास पास तर घरी ये, घर आहे.

"हे कधी आलं?" मिलिंदने विचारलं.

शनिवारी, मी म्हटलं.

"म्हणजे मला कळायच्या आदल्या दिवशी." तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरची मघाची माया गेली होती. "मी सहा दिवस समजत होतो की या वेळी तिला लिहायला झालं नाही. आई गेली हे लपवलंत ते मी समजू शकतो, वहिनी. पण हे का ठेवून घेतलंत?"

मी पत्र त्याच्याकडे परत सरकवलं. काळजी, परीक्षा, दादांना दिलेला शब्द, सगळी उत्तरं माझ्यापाशी होती आणि त्यातलं एकही या पत्राला लागू पडत नव्हतं. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. अविनाशने पंख्याचं बटण उगाच दाबलं आणि परत बंद केलं.

मग नागपूरला फोन करायची वेळ झाली होती. अविनाशने ऑपरेटरला नंबर दिला, डॉक्टरांच्या घरी घंटा वाजली आणि पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला. अविनाशने रिसीव्हर मिलिंदकडे दिला. मी उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"दादा," तो म्हणाला. "हो, पास झालो." नंतर तो बराच वेळ ऐकत होता. दादा काय म्हणत असतील ते मला कळत होतं. तुला सांगितलं नाही म्हणून रागावू नको, आईचीच तशी इच्छा होती, तुला नीट कळलं ना, वहिनींनी नीट सांगितलं ना.

मिलिंदने माझ्या दिशेने पाहिलंही नाही. भिंतीला टेकून तो हळूहळू खाली बसला, रिसीव्हरची वायर ताणली गेली.

"हो दादा," तो म्हणाला, "वहिनींनी नीट सांगितलं. आत्ताच कळलं मला. आत्ता, हे आत्ताच."

आणि तो रडायला लागला. आत्ताच कळल्यासारखा, मोठ्याने, लहान मुलासारखा, आणि पलीकडे दादा रडत होते ते मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला फार वाटलं. मी ठेवला नाही. तो हक्क आता माझा राहिला नव्हता.